पेंग्विनचं पिल्लू मोठं कसं होतं? मुलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेंग्विनच्या सुमारे १८ जाती आहेत आणि प्रत्येक जातीचं पिल्लू थोडं वेगळं वाढतं. या पानावर मुख्यतः एम्परर पेंग्विनच्या पिल्लाबद्दल सांगितलं आहे. एम्परर हा सगळ्यांत मोठा पेंग्विन. अंटार्क्टिकाच्या भर हिवाळ्यात, काळोखात आणि वादळात अंडं उबवणारा पक्षी हा एकटाच. त्याच्या पिल्लाला मोठं व्हायला जेमतेम पाच महिने मिळतात. म्हणून पुढच्या बऱ्याच उत्तरांत दिवसांचा हिशेब येईल, तो नीट वाचा. बाकीच्या जाती जिथे वेगळं वागतात, तिथे तसं लिहिलं आहे.

पेंग्विन घरटं बांधतात का?

बरेचसे बांधतात. अ‍ॅडेली आणि जेंटू पेंग्विन छोटे दगड गोळा करून त्यांचा गोल ओटा रचतात. दगडच का? कारण उन्हाळ्यात बर्फ वितळून जमिनीवर पाणी वाहतं. अंडं त्या पाण्यात पडलं तर थंड होऊन आतलं पिल्लू मरतं. दगडांच्या उंचवट्यावर ते कोरडं राहतं. चांगल्या दगडांसाठी अ‍ॅडेली पेंग्विन शेजाऱ्याच्या घरट्यातून चोरीसुद्धा करतात! ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे लिटल पेंग्विन जमिनीत बीळ करतात.

एम्परर मात्र गोठलेल्या समुद्रावर राहतो. तिथे दगड नाहीत, गवत नाही, माती नाही. म्हणून तो अंडं स्वतःच्या पायांवरच ठेवतो.

अंडं केवढं असतं? किती अंडी घालतात?

एम्परर पेंग्विनची आई एकच अंडं घालते, मे किंवा जूनच्या सुरुवातीला. ते सुमारे १२ सेंटीमीटर लांब आणि साधारण ४६० ग्रॅम वजनाचं असतं. किंग पेंग्विनही एकच अंडं घालतो. अ‍ॅडेली आणि जेंटू यांची बहुतेक वेळा दोन असतात.

अंडं आई उबवते की बाबा?

एम्परर पेंग्विनमध्ये बाबा. अंडं घालेपर्यंत आई खूप दिवस उपाशी असते आणि अंडं तयार करण्यात तिची बरीच ताकद गेलेली असते. म्हणून ती अंडं बाबांकडे सोपवते आणि समुद्राकडे निघते. गोठलेल्या समुद्रावरून चालत, मधूनमधून पोटावर घसरत ती उघड्या पाण्यापर्यंत पोचते. हे अंतर कधीकधी ५० किलोमीटरहूनही जास्त असतं. तिथे ती जवळजवळ दोन महिने मासे खाऊन अंगात ताकद भरते.

इकडे बाबा अंडं पायांवर घेऊन उभे राहतात. त्यांच्या पोटाखाली कातडीची एक जाड घडी असते. ती अंड्यावर पांघरली जाते. घडीच्या आतल्या बाजूला पिसं नसतात, त्यामुळे अंगाची ऊब थेट अंड्याला लागते. बाहेर उणे ३५ अंश असले तरी घडीच्या आत चांगलं उबदार असतं. असं सुमारे ६५ दिवस चालतं.

इतर जातींत आई आणि बाबा पाळीपाळीने अंडी उबवतात.

अंडं एकाच्या पायांवरून दुसऱ्याच्या पायांवर कसं जातं?

सगळ्यांत अवघड काम हेच आहे. दोघं समोरासमोर, अगदी जवळ उभे राहतात. आई पोटाची घडी उचलते आणि पाय थोडे फाकवते. अंडं बर्फावर घरंगळतं. बाबा चोचीने ते स्वतःकडे ओढतात, पायांच्या बोटांवर चढवतात आणि लगेच घडीने झाकतात.

यात चूक झाली तर दुसरं अंडं मिळत नाही. अंडं बर्फावर एक-दोन मिनिटं राहिलं तरी आतलं पिल्लू गोठू शकतं. पहिल्यांदाच आई-बाबा होणाऱ्या जोड्यांकडून अंडं निसटण्याची भीती जास्त असते, कारण त्यांना सवय नसते.

हे किती कठीण आहे ते करून पाहा. टेनिसचा चेंडू दोन्ही पावलांवर ठेवा. हात न लावता तो समोरच्या मित्राच्या पावलांवर द्यायचा. चेंडू जमिनीवर पडला की मोठ्याने आकडे मोजायला लागा आणि साठच्या आत तो उचला, पण फक्त पायांनी! जमलं, तर आता चेंडू पायांवर ठेवूनच दहा पावलं चाला. बाबा पेंग्विन असंच चालतात.

इतक्या थंडीत बाबा गोठत का नाहीत?

हिवाळ्यात तिथलं तापमान उणे ५० अंशांपर्यंत उतरतं आणि वर सोसाट्याचा वारा असतो. एकटा पेंग्विन त्यात फार काळ टिकणार नाही. म्हणून शेकडो, कधी हजारो बाबा एकमेकांना चिकटून दाट घोळका करतात. आतल्या बाजूला इतकं गरम होतं की काही पेंग्विनना उकडायला लागतं आणि ते बाहेर पडतात.

हा घोळका स्थिर नसतो. दर अर्ध्या ते एका मिनिटाने सगळे मिळून ५ ते १० सेंटीमीटरचं छोटंसं पाऊल टाकतात. त्यामुळे घोळका हळूहळू सरकत राहतो आणि वाऱ्याकडचे पेंग्विन बाजूने फिरून आडोशाला येतात. कुणी एकच कायम थंडीत उभा राहत नाही. एरवी पेंग्विन आपल्या जागेसाठी भांडतात, पण एम्परर पेंग्विनच्या बाबांना भांडायला जागाच नसते. घरटं नाही, म्हणून राखण्यासारखी जमीनही नाही. ते इतके जवळ उभे राहू शकतात याचं एक मोठं कारण हे आहे.

शिवाय अंगावर दाट पिसं आणि कातडीखाली चरबीचा जाड थर असतोच. पाय बर्फावर टेकायचे म्हणजे ऊब जाणार, म्हणून एम्परर कितीतरी वेळ बोटं वर उचलून फक्त टाचा आणि शेपटीवर रेलून उभा राहतो.

बाबा खरंच काही खात नाहीत?

खरंच नाहीत. वसाहतीत आल्यापासून आई परत येईपर्यंत जवळजवळ चार महिने त्यांच्या पोटात अन्न जात नाही. तहान लागली तर बर्फ खातात. बाकी सगळं अंगातल्या चरबीवर चालतं. या काळात त्यांचं वजन सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे ३८ किलोचे बाबा २३ किलोच्या आसपास येतात. म्हणूनच हिवाळ्याआधी समुद्रात भरपूर खाऊन यावं लागतं. चरबी कमी पडली तर बाबांना अंडं सोडून समुद्राकडे जावं लागतं.

पिल्लू अंड्यातून बाहेर कसं येतं?

स्वतःच फोडून. चोचीच्या टोकावर एक बारीक, टणक उंचवटा असतो. त्याने ते आतून टकटक करतं. आधी एक भोक पडतं, मग भेग, मग टोपी उघडते. कवच जाड असल्यामुळे या कामाला दोन-तीन दिवस लागू शकतात. बाबा कवच फोडून देत नाहीत.

ही वेळ असते जुलै-ऑगस्टची. बाहेर आलेलं पिल्लू सुमारे ३०० ग्रॅमचं असतं. अंगावर लव इतकी पातळ असते की त्याला स्वतःची ऊब राखता येत नाही. ते बाबांच्या पायांवर, घडीच्या आतच बसून राहतं.

पहिलं जेवण काय असतं?

आई वेळेवर आली तर तिने पोटात साठवून आणलेले मासे. पण आई अजून वाटेवर असली तर बाबा स्वतःच्या अन्ननलिकेतून दह्यासारखा घट्ट, पांढरट पदार्थ काढून पिल्लाला भरवतात. त्यात प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ भरपूर असतात. इतके महिने उपाशी असलेले बाबा पिल्लासाठी अन्न तयार करतात, हे विशेषच आहे. पण हे अन्न थोडंच असतं. त्यावर पिल्लू आठ-दहा दिवस तग धरू शकतं, फार मोठं होऊ शकत नाही.

आणि आई आलीच नाही तर?

हा प्रश्न मुलं हळू आवाजात विचारतात. त्याचं खरं उत्तर असं आहे की बाबांना शेवटी समुद्रावर जावंच लागतं, नाहीतर तेही मरतील. मग ते पिल्लू जगत नाही. दुसरे पेंग्विन त्याला भरवत नाहीत. प्रत्येकाला एक पिल्लू वाढवणंच जेमतेम जमतं. पण पुष्कळ आया वेळेवर पोचतात, आणि मग जेवून यायची पाळी बाबांची.

हजारो पेंग्विनमधून आई-बाबा आपलं पिल्लू ओळखतात कसे?

आवाजावरून. दिसायला सगळे सारखेच, आणि घरटं नसल्यामुळे ठरलेली जागाही नाही. पेंग्विनच्या गळ्यातल्या आवाजाच्या अवयवाला दोन बाजू असतात. एम्परर आणि किंग पेंग्विन त्या दोन्ही एकाच वेळी वापरून दोन सूर काढतात. त्या दोन सुरांची मिसळण प्रत्येकाची वेगळी. परत आलेली आई मान खाली करून हाक मारते, मग थांबून ऐकते. उत्तर आलं नाही की थोडं पुढे जाऊन पुन्हा हाक. पिल्लूही शिट्टीसारखा आवाज काढत राहतं, आणि ते अंड्यातून आल्यापासून आई-बाबांची हाक लक्षात ठेवतं. वादळात मात्र आवाज नीट पोचत नाही, आणि तेव्हा शोधायला फार वेळ लागतो.

मोठं होताना पिल्लू काय खातं? त्याला दात असतात का?

दात नसतात. जिभेवर आणि टाळ्यावर मागे वळलेले टोकदार काटे असतात, म्हणून निसरडा मासा तोंडातून सुटत नाही.

खाणं म्हणजे छोटे मासे, माकूळ आणि क्रिल. क्रिल हा कोळंबीसारखा दिसणारा बारीक जीव आहे. आई किंवा बाबा समुद्रात खाऊन पोटात साठवून आणतात. पिल्लू त्यांच्या चोचीवर चोच घासतं, मग ते मान वाकवतात आणि पिल्लू त्यांच्या तोंडात डोकं घालून खातं. पुष्कळ मुलांना हे ऐकून किळस येते. पण एवढं अन्न इतक्या दूरवरून चोचीत धरून आणता येणारच नाही. पोटातून आणलं की भरपूर येतं आणि वाटेत गोठतही नाही.

पेंग्विनचं पाळणाघर म्हणजे काय?

पिल्लू ४५ ते ५० दिवसांचं झालं की ते पायांवर मावत नाही आणि त्याची भूकही फार वाढते. एकट्याने आणलेलं अन्न त्याला पुरत नाही. आता आई आणि बाबा दोघंही समुद्रावर जायला लागतात. मागे राहिलेली पिल्लं एकमेकांना चिकटून घोळका करतात. हेच त्यांचं पाळणाघर. वारा सुटला की ती बाबांसारखीच दाटीवाटीने उभी राहतात. घोळक्यात ऊब मिळते, आणि शिकारी पक्ष्याला मधलं पिल्लू उचलता येत नाही.

पाळणाघर म्हटलं तरी सांभाळणारी बाई तिथे नसते. आसपास मोठे पेंग्विन असतात, पण प्रत्येक जण फक्त आपल्याच पिल्लाला भरवतो. कधीकधी एक वेगळीच अडचण येते. जिचं पिल्लू गेलं आहे अशी आई दुसऱ्याचं पिल्लू पळवायला पाहते. त्या ओढाताणीत पिल्लाला इजा होऊ शकते. बहुतेक वेळा ती थोड्या वेळाने त्याला सोडून देते.

पिल्लू लगेच पाण्यात का जात नाही?

कारण त्याची लव पाणी अडवत नाही. ही राखाडी, मऊ लव कोरड्या थंडीत उत्तम. पण भिजली की ती पाणी धरून ठेवलेल्या लोकरी कपड्यासारखी जड होते, आतली हवा निघून जाते आणि ऊब संपते. बर्फाळ पाण्यात असं पिल्लू लवकर गारठतं.

नोव्हेंबरच्या सुमाराला लवेखालून खरी पिसं उगवतात. ती छोटी, ताठ आणि कौलांसारखी एकावर एक बसलेली असतात. पेंग्विन शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल चोचीने पिसांना लावतो, म्हणून पाणी आत शिरत नाही. लव एकदम गळत नाही. आधी पोट आणि पंख मोकळे होतात, तर डोक्यावर आणि मानेभोवती झुबके शिल्लक राहतात. त्या दिवसांत पिल्लू फाटक्या गोधडीतून बाहेर आल्यासारखं दिसतं, पण ते आजारी नसतं.

त्याला पोहायला कोण शिकवतं?

कुणीच नाही. डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीला आई-बाबा अन्न आणणं थांबवतात. तेव्हा पिल्लाचं वजन मोठ्याच्या साधारण निम्मं असतं. भूक लागते, बर्फाची कड जवळ आलेली असते, आणि पिल्लं टोळीने पाण्याकडे जातात. कडेवर बराच वेळ घुटमळतात. एकाने उडी मारली की मागोमाग बाकीची. सुरुवातीला ती पाण्यावर पंख आपटत बसतात, खाली जाता येत नाही. मग उथळ बुड्या जमतात आणि हळूहळू खोल. मोठा एम्परर ५०० मीटरपेक्षाही खोल जाऊ शकतो.

बहुतेक पिल्लं समुद्रावरच्या सपाट बर्फावरून पाण्यात उतरतात. पण जानेवारी २०२४ मध्ये अटका उपसागराजवळ शेकडो पिल्लांनी सुमारे १५ मीटर उंच बर्फकड्यावरून पाण्यात उड्या मारल्या, त्याचं चित्रीकरण झालं आहे. चार-पाच मजली इमारतीएवढी ही उंची!

पिल्लांना कोण खातं?

वसाहतीत जायंट पेट्रेल आणि स्कुआ हे पक्षी, पाण्यात लेपर्ड सील. लेपर्ड सील बर्फाच्या कडेखाली दबा धरून बसतो, म्हणून पिल्लं एकेकट्याने न जाता टोळीने उडी मारतात हे त्यांच्या फायद्याचंच.

पांढरं अस्वल पेंग्विनला खातं का?

नाही. पांढरी अस्वलं उत्तर ध्रुवाकडे, एम्परर दक्षिण ध्रुवाकडे. निसर्गात त्यांची भेटच होत नाही.

बर्फ लवकर फुटला तर काय होतं?

आता सुरुवातीचा हिशेब आठवा. अंड्यातून जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर, पिसं पूर्ण व्हायला डिसेंबर. तोपर्यंत पायाखालचा समुद्री बर्फ टिकला पाहिजे. तो नोव्हेंबरमध्येच फुटला, तर लव अंगावर असलेली पिल्लं पाण्यात पडतात. २०२२ मध्ये बेलिंग्सहाऊझेन समुद्राच्या भागात हेच झालं. तिथल्या पाच वसाहतींपैकी चारमधली पिल्लं वाचली नाहीत, असं उपग्रहाच्या चित्रांवरून दिसलं. पृथ्वी तापते आहे आणि समुद्री बर्फावर त्याचा परिणाम होतो. म्हणून शास्त्रज्ञांना या पेंग्विनची खरी काळजी वाटते, आणि ती रास्त आहे.

बर्फ जास्त झाला तरी पंचाईत होते. अंटार्क्टिकातल्या अ‍ॅडेली लँड भागात अ‍ॅडेली पेंग्विनच्या सुमारे १८,००० जोड्यांची एक वसाहत आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात समुद्रावर खूप दूरवर बर्फ राहिला. आई-बाबांना अन्नासाठी फार लांब जावं लागलं, आणि त्या वर्षी फक्त दोन पिल्लं जगली.

बाकीच्या पेंग्विनची पिल्लंही अशीच वाढतात का?

वेग फार वेगळा असतो. अ‍ॅडेलीचं पिल्लू उन्हाळ्यात जन्मतं, तीन आठवड्यांत पाळणाघरात जातं आणि सात ते नऊ आठवड्यांत समुद्रात. अ‍ॅडेली आणि जेंटू यांच्याकडे एक मजेदार गोष्ट दिसते. अन्न घेऊन आलेली आई पळत सुटते आणि पिल्लं तिच्या मागे धावतात. जो जास्त भुकेला तो जास्त वेळ धावतो आणि खाणं मिळवतो. दुसऱ्याचं पिल्लू मध्येच गळून पडतं.

किंग पेंग्विन याच्या अगदी उलट. त्याच्या पिल्लाला दहा ते तेरा महिने लागतात. मध्ये पूर्ण हिवाळा येतो आणि तेव्हा आई-बाबा क्वचितच येतात, आठवडेच्या आठवडे उपास पडतो. म्हणून पिल्लू हिवाळ्याआधी खाऊन गोलमटोल होतं. त्याची तपकिरी लव इतकी दाट असते की जुन्या काळच्या खलाशांना हा वेगळ्याच जातीचा पेंग्विन वाटला होता.

पिल्लू मुलगा आहे की मुलगी, कसं ओळखायचं?

नुसतं पाहून ओळखता येत नाही. रक्ताची किंवा पिसाची तपासणी करावी लागते.

मग ते स्वतः आई किंवा बाबा कधी होतं?

पहिलं वर्ष सगळ्यांत कठीण. शिकार करायला नवखं असल्यामुळे पुष्कळ पिल्लं त्यात दगावतात. जी टिकतात ती काही वर्षं समुद्रात काढून वसाहतीत परततात आणि साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी त्यांना स्वतःचं पिल्लू होतं. एम्परर वीस वर्षांच्या आसपास जगू शकतो.

हे सगळं माणसांना कळलं कसं?

फार कष्टाने. एम्परर पेंग्विनची पिल्लं वाढवण्याची जागा माणसांना पहिल्यांदा १९०२ मध्ये अंटार्क्टिकातल्या केप क्रोझियरला सापडली. १९११ च्या हिवाळ्यात विल्सन, बावर्स आणि चेरी-गॅरार्ड हे ब्रिटिश मोहिमेतले तिघं अंडी आणायला काळोखातून तिथे चालत गेले. जाऊन यायला पाच आठवडे लागले आणि थंडी उणे ६० अंशांपर्यंत गेली. पाच अंडी घेतली, दोन वाटेत फुटली. उरलेली तीन लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये पोचली.

आता वसाहती उपग्रहातून शोधतात. पेंग्विन उंचावरून दिसत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेचे तपकिरी डाग पांढऱ्या बर्फावर उठून दिसतात! जवळून पाहायला शास्त्रज्ञांनी चाकांवरचा छोटा यंत्रमानव पिल्लासारखा सजवून वसाहतीत सोडला होता. माणूस जवळ गेला की पेंग्विन बिचकतात, त्याला मात्र त्यांनी जवळ येऊ दिलं आणि काही त्याच्याशी बोलायलाही लागले.

पिल्लाचं चित्र काढताना काय लक्षात ठेवू?

एम्परर पेंग्विनचं पिल्लू काळं-पांढरं रंगवू नका, ती चूक फार होते. अंग चंदेरी राखाडी, डोकं काळं, चेहरा पांढरा आणि डोळे काळे. मानेवरचा पिवळा-केशरी रंग मोठ्यांनाच द्या. समुद्रात जाणाऱ्या पिल्लाला नवी पिसं काढायची असतील तर पाठ फिकट ठेवा आणि मानेभोवती लवेचा एखादा झुबका राहू द्या. पाळणाघर काढत असाल तर बरीच पिल्लं काढा आणि एकमेकांना अगदी चिकटवून काढा. मागे अस्वल नको, झाड नको, गवत नको. बर्फ, आकाश आणि दूरवर पाण्याची एक रेघ पुरे.